जंगल शेजारी असताना रोही हरभऱ्यातच का शिरतात?

काटोल तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्याचं चार एकर वावर जंगलाला लागून आहे. तो म्हणतो, जंगलात चारा आहे, नाल्याला पाणी आहे, तरी रोही, म्हणजे नीलगाई, रात्री हरभऱ्यातच येतात. शेजारच्या काकांचाही हरभराच, पण त्यांचं नुकसान एवढं होत नाही. गावात कोणी म्हणतं चव लागली, कोणी म्हणतं जंगलात आता काही उरलं नाही. जनावर ठरवतं तरी कसं, काय खायचं आणि कुठं खायचं?

भाऊ, मी पंचवीसेक वर्षं काटोल, उमरेड आणि पेंचच्या कडेनं जनावरांच्या खाण्याचा माग काढतोय. तुमच्यासारखा प्रश्न दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतं. तो मला आवडतो, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. हरभराच का, हा एक. आणि तुमचाच का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पोटात आहे, दुसऱ्याचं भीतीत. बहुतेक लोक पहिल्यावरच अडकून बसतात आणि उपाय मात्र दुसऱ्यात असतो.

आधी 'जंगलात चारा आहे' हे तपासू. पौषात त्या चाऱ्याजवळ जाऊन मूठभर उपटून पाहा. दिवाळीनंतर आपल्याकडचं रानगवत पिवळं पडतं, कुसळं धरतं. दिसायला ढीगभर असतं, पण ते कुटार आहे. तुमच्या गोठ्यातली गाय नुसत्या कुटारावर दूध देते का? नाही देत. म्हणून तुम्ही सरकीची ढेप घालता. रोहीही गाईसारखाच रवंथ करणारा प्राणी. गवत तो स्वतः पचवत नाही, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव पचवतात, आणि त्या जीवांना काम करायला नत्र लागतं, म्हणजे चाऱ्यातली प्रथिनं. चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की हे जीव मंदावतात. मग खाल्लेलं तसंच पडून राहतं, पुढं सरकत नाही आणि नवीन खायला जागा उरत नाही. पोट टम्म आणि जनावर उपाशी, असा तो प्रकार. कोवळ्या हरभऱ्यात, गव्हाच्या कोवळ्या पात्यात त्याच्या दुपटी-तिपटीनं प्रथिनं असतात. रोह्याच्या दृष्टीनं तुमचं वावर म्हणजे ढेपेचं पोतं आहे, तेही तोंड उघडं ठेवलेलं.

हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, तिच्यामुळे जनावर दूर राहायला हवं, असंही मला एकदा एकानं सांगितलं होतं. ही आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. आमची आजी पहाटे हरभऱ्यावर पांढरं फडकं पसरायची, दहिवरानं भिजलं की पिळून आंब बाटलीत भरायची आणि पोट दुखलं की चमचाभर पाजायची. रोह्याला या आंबटपणाचं वावडं असल्याचं मला तरी कधी दिसलं नाही. आपण तरी तो पाला भाजी करून खातोच की.

आता पोटानंतर वेळ. बोरं वेचायला गेलात असं समजा. पहिल्या बोरीखाली पडलेली सगळी चांगली बोरं दोन मिनिटांत हाती लागतात. मग काट्यात हात घालावा लागतो, पानं उलटावी लागतात, एकेका बोराला वेळ लागतो. शेवटचं बोर संपेपर्यंत तुम्ही तिथं थांबत नाही, पुढच्या बोरीकडे निघता. कधी निघता? पुढची बोरी दहा पावलांवर असेल तर लवकर. अर्धा कोस लांब असेल तर आहे तिथंच चिवटपणे वेचत बसता. एरिक चार्नोव्ह या शास्त्रज्ञानं १९७६ साली हेच गणितात मांडलं. एका जागी मिळकतीचा वेग घसरत घसरत सगळ्या परिसराच्या सरासरीइतका झाला की ती जागा सोडावी, आणि पुढची जागा जितकी लांब तितकं आहे तिथं जास्त थांबावं. पक्षी, कीटक, चरणारी जनावरं, अशा पुष्कळांवर हे तपासून झालंय. दर वेळी आकडा तंतोतंत जुळत नाही, पण कल बहुतेक तसाच निघतो. रोही काही भागाकार करत नाही. अदमासानं मीठ टाकणाऱ्या बाईला वजनकाटा लागत नाही, तसंच हे.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. भोवतालचं रान जितकं ओसाड, तितकी सरासरी खाली, आणि तितका कळप तुमच्या वावरात जास्त वेळ टिकणार. उन्हाळ्याकडे झुकताना एकेका रात्रीचं नुकसान वाढतं त्याचं एक कारण हे आहे. त्यात रोह्यांची संख्या वाढलेली असेलच असं नाही, तेच चार रोही दुप्पट वेळ बसत असतात. आणि जंगलात एक चांगला घास घ्यायला दहा पावलं चालावं लागतं, तर तुम्ही तोच घास ओळीत पेरून ठेवलाय. पाऊल टाकायचं नाही, मान हलवली की झालं.

एवढंच असतं तर जंगलाकडेची सगळी वावरं सारखीच खाल्ली गेली असती. तसं होत नाही. इथं भीती येते, आणि खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते भीतीनंच.

एक प्रयोग घरी करून पाहा, खर्च काही नाही. दोन सारख्या पराती घ्या. दोन्हींत सारखी बारीक वाळू, सारखे मोजून शेंगदाण्याचे तुकडे, नीट मिसळून. एक परात पेरूच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवा, दुसरी चार-पाच मीटर उघड्या अंगणात. सकाळी ठेवा, खारी येऊन गेल्या की दुपारी चाळून उरलेले दाणे मोजा. मी हे नागपुरात माझ्या घरी, सेमिनरी हिल्सच्या उताराला आणि गोरेवाड्याच्या बाजूच्या एका मित्राच्या वाडीत कितीदा तरी केलंय. झाडाखालची परात जवळजवळ रिकामी होते. उघड्यावरच्या परातीत दाणे राहतात, जरी ते वेचणं तितकंच सोपं असलं तरी. खार तिथं येते, पण वरवरचे सोपे तेवढे उचलते आणि पळते. शिक्रा किंवा मांजर आलं तर झाड लांब आहे, हे ती प्रत्येक दाण्यागणिक मोजत असते. जोएल ब्राऊन यांनी १९८८ साली ही पद्धत रूढ केली. सोडून दिलेले दाणे म्हणजे भीतीची किंमत. दाण्यात मोजलेली भीती, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

मला ही पद्धत आवडते कारण जनावराला काही विचारावं लागत नाही, ते उत्तर परातीत ठेवून जातं. तुमच्या वावरातही ठेवून जातं. एकदा पहाटे नुकसानीचा नकाशा काढा. कागदावर चार धुरे, नाला, पांदण, मचाण, विहीर. जिथं खाल्लंय तिथं ठिपके. माझ्याकडे असे पुष्कळ नकाशे आहेत आणि त्यांत ठिपके जवळजवळ नेहमी एकाच बाजूला दाट असतात: झुडपी नाला, घाणेरीचं रान किंवा पडीक जमीन ज्या धुऱ्याला लागते तिकडे. आत जावं तसे विरळ होत जातात. मधला हरभरा कडेच्या हरभऱ्याइतकाच कोवळा असतो. पण तिथून पळायचं अंतर जास्त.

वाघाबद्दल इथं एक आडवी गोष्ट सांगून टाकतो. जिथं वाघ-बिबटे आहेत तिथं जनावराला दोन भीतींमधून वाट काढावी लागते. वाघ दाट झाडीत, माणूस उघड्यावर. माणूस रात्री झोपतो, हे त्याला माहीत असतं. रोही मूळचा दिवसा चरणारा, मोकळ्या माळाचा प्राणी, घनदाट जंगल त्याला तसंही रुचत नाही. गावाकडेला तो रात्रीचा झाला, ही आपल्या भीतीनं लावलेली सवय आहे. पेंचमध्ये चितळं वांदरांच्या झाडाखाली चरताना दिसतात त्यातही हाच दुहेरी सौदा आहे. वांदर निम्मा पाला आणि फळं खाली टाकतात, ती चितळांना फुकट मिळतात, आणि वर बसलेले शंभर डोळे वाघ दिसला की खेकसतात. स्वस्त घास आणि फुकट पहारा एकाच जागी मिळाला तर तिथून कोण हलेल?

तुमच्या शेजारच्या काकांकडे आता येऊ. मी ते वावर पाहिलेलं नाही, पण तुम्ही पाठवलेल्या वर्णनात तीन गोष्टी आहेत. नाला तुमच्या बाजूनं वाहतो. काकांचं घर वावरातच आहे आणि दोन कुत्री मोकळी असतात. तुमचं मचाण पांदणीच्या टोकाला आहे, म्हणजे नाल्यापासून सगळ्यात लांब. (तिथं का बांधलं? गाडी तिथवर येते म्हणून, नाही का? सगळे तिथंच बांधतात.) रोह्याच्या बाजूनं पाहा: सारखाच हरभरा, एकीकडे कुत्री आणि माणसाचा खोकला, दुसरीकडे दहा उड्यांवर आडोसा. यात चव कुठं आली?

तरी काकांकडे काहीच जात नसेल असं समजू नका. केंब्रिजच्या एका तळ्यावर ३३ बदकांना दोन ठिकाणी पावाचे तुकडे टाकून पाहिलं होतं, १९८२ साली ते प्रसिद्ध झालं. एकीकडे दुप्पट वेगानं तुकडे पडले की मिनिटा-दीड मिनिटात बदकं त्याच प्रमाणात वाटली जात, दुप्पट तिकडे, एकपट इकडे. चांगल्या जागी गर्दी झाली की ती जागा तितकी चांगली राहत नाही, मग काहीजण दुय्यम जागा धरतात. कळप मोठा झाला की काकांचाही नंबर लागेल. म्हणून फक्त स्वतःचं वावर सांभाळण्यापेक्षा दोघांनी मिळून नाल्याची बाजू धरलेली बरी. तुम्ही एकट्यानं राखलंत तर रोही काकांकडे सरकतील आणि पुढच्या संक्रांतीला तीळगूळ घेतानाही ते तुमच्याशी बोलणार नाहीत.

वांदरांचा तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, की एक घास घेऊन संत्रं फेकतात, 'खायचं तर पुरतं खा'. हा राग मला समजतो. आंबिया बहाराची फळं उतरायला आलेली असताना झाडाखाली अर्धवट चावलेल्या संत्र्यांचा सडा पाहिला की कोणाचंही डोकं फिरेल. पण ती नासधूस आपल्या हिशेबात आहे, त्यांच्या नाही. जॉन क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली चिमणीएवढ्या टिट पक्ष्यांसमोर सरकत्या पट्ट्यावरून अळ्यांचे मोठे आणि छोटे तुकडे सोडले. मोठे तुकडे कमी असताना पक्षी दोन्ही खात. मोठे भरपूर झाले की छोट्यांकडे दुर्लक्ष, आणि मग छोटे कितीही वाढवले तरी फारसा फरक नाही. हलक्या मालाला तोंड लावायचं की नाही, हे चांगला माल किती सहज मिळतो यावर ठरतं. वांदराला बागेत पुढचं फळ हात लांबवला की मिळतं. मग सालीजवळचा कडवट भाग, आंबट फोड, किडका भाग तो कशाला खाईल? तोच वांदर चैत्रात जंगलात एकेक कळी निगुतीनं सोलून खाताना मी पाहिलाय. शिवाय त्याचं पोट पाला आंबवून पचवायला बनलेलं आहे, नुसत्या गोड फळावर तो दिवस काढत नाही. बागेत येऊनही मधेच कडुनिंबाचा, सुबाभळीचा पाला खायला जातो, हे नीट पाहिलं तर दिसेल.

आता 'चव लागली' या म्हणण्याकडे येतो, कारण सुरुवातीला मी ते बाजूला ठेवलं होतं. शेतकऱ्याला यातलं शास्त्र आधीपासून माहीत असतं, फक्त उंदराच्या नावानं. उंदरांना झिंक फॉस्फाईड घालण्याआधी दोन-तीन दिवस आपण साधे दाणे तेल लावून का ठेवतो? कारण उंदीर नवीन पदार्थावर विश्वास ठेवत नाही. थोडंसं कुरतडतो, थांबतो, पोटात काय होतं ते पाहतो. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून ही सावधगिरी. थेट विष ठेवलं तर तो अर्धमेला होऊन वाचतो आणि पुन्हा त्या दाण्याच्या वाटेला जात नाही. जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांना गोड पाणी पाजून त्याच वेळी किरणोत्सर्गानं आजारी पाडलं. नंतर ते उंदीर गोड पाण्याला तोंड लावेनात. पुढं असंही दिसलं की चव आणि त्रास यांत कित्येक तासांचं अंतर असलं तरी जनावर दोन्हींची सांगड घालतं. चांगल्या परिणामाचीही तशीच सांगड घातली जाते: हे खाल्लं आणि बरं वाटलं. चरणाऱ्या जनावरांची पिल्लं आईबरोबर फिरून हे शिकतात. तेव्हा 'चव लागली' म्हणजे जिभेची चटक लागली असं मी म्हणणार नाही. पोटानं दिलेला निकाल लक्षात राहिला, आणि आईनं वाट दाखवली. तुमच्या नाल्यातून येणारी वाट कदाचित आजच्या रोह्यांच्या आयांनी पाडलेली असेल.

फटाक्यांबद्दल थोडक्यात. पहिल्या आठवड्यात चालतात, मग नाही. बुजगावण्याचं तेच, त्याच्या खांद्यावर कोतवाल पक्षी बसलेला मी पाहिलाय. ज्या आवाजामागून काही घडत नाही तो आवाज जनावर हिशेबातून काढून टाकतं. शिवाय भूक किती आहे यावर धोका पत्करणं ठरतं. थॉमस कॅराको आणि सहकाऱ्यांनी १९८० साली छोट्या पक्ष्यांना दोन पर्याय दिले: एकीकडे ठरलेले दाणे, दुसरीकडे कधी भरपूर कधी काहीच नाही, सरासरी मात्र सारखी. पोट भरत असलेले पक्षी ठरलेल्या दाण्यांकडे गेले. ज्यांचं भागतच नव्हतं, ते जुगाराकडे. कार्तिकात सुतळी बॉम्बला पळणारा रोही वैशाखात का उभा राहतो, हे यावरून समजावं. त्याच्याकडे गमवायला काही उरलेलं नसतं.

मग करायचं काय? सगळ्यात आधी कोण खातंय ते नक्की करा, कारण सगळं रोह्यांच्या नावावर जातं. रोह्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून तो शेंडा ओढून तोडतो, देठ फाटलेला, तंतू निघालेला दिसतो. सशानं खाल्लं असेल तर देठ चाकूनं तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ. डुकरानं तर माती उकरलेली असते, रोप मुळासकट. तिघांचे उपाय वेगळे आहेत. डुक्कर तारेखालून शिरतं, रोही वरून उडी मारतो, आणि सशासाठी जागल करणं म्हणजे निव्वळ झोपमोड.

रोहीच असतील, तर नाल्याकडच्या धुऱ्यालगतची घाणेरी आणि झुडपं पंधरा-वीस मीटर साफ करा. आडोसा लांब गेला की कडेचं वावरही मधल्यासारखं धोक्याचं होतं. त्या बाजूला करडईच्या पाच-सहा ओळी दाट पेरायच्या, जुने लोक पेरायचेच. काट्यांमुळे रोही थांबतो असं नाही, पण आत जायला आणि मुख्य म्हणजे बाहेर पळायला वेळ लागतो, आणि ते त्याला आवडत नाही. मचाण नाल्याकडे हलवा, गाडी नाही आली तरी चालेल. जागलीच्या वेळा रोज बदला. दहाला एक फेरी आणि दोनला एक फेरी, असं ठरवून टाकलंत की रोही पावणेतीनला येतात, हे मी स्वतः एका वावरात तीन आठवडे जागून पाहिलंय.

सोलरची झटका मशीन लावायची तर लावा, तिचा धक्का क्षणभराचा असतो आणि शिकवून जातो. पण घरची लाईन थेट तारेत सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात रोहीच मरेल याची खात्री नाही. पहाटे परसाकडे निघालेला माणूस मरतो. २०१७ साली नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ अशाच शेतातल्या तारेनं गेला.

हे सगळं करायच्या आधी मात्र तीन-चार पहाटे नाल्याच्या धुऱ्यावरून नुसतं चालून या. संध्याकाळी धुऱ्यालगत हातभर रुंद माती मोकळी करून ठेवा, म्हणजे खूर स्पष्ट उमटतील. आत येताना खूर जवळजवळ पडलेले असतील, बाहेर जाताना लांब लांब आणि पुढून खोल रुतलेले, तर ते कशाला तरी दचकून पळालेत. ते कुठून वळले ती जागा शोधा, तिथं उभे राहून काय दिसतं, काय ऐकू येतं ते पाहा, आणि मला नकाशासकट कळवा.